वर पाट, खाली ओढा

तात्यांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, तेही एका चिंचेच्या डहाळीपायी.

मी तिसरीत होते. दिवाळीच्या सुट्टीत तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, मला आणि चुलतभावाला सायकलवर घालून कालव्यावर घेऊन गेले होते, एकाला दांडीवर, एकाला कॅरिअरवर. ते पाटबंधारे खात्यात वर्क इन्स्पेक्टर. घटप्रभा नदीच्या डाव्या कालव्याचा, धुपदाळच्या बंधाऱ्यापासून बऱ्याच खालच्या अंगाचा, काही मैलांचा पट्टा त्यांच्याकडे होता. त्या पट्ट्यात एक जागा अशी होती की भरून वाहणारा कालवा ओढ्याच्या काठावर येऊन जमिनीत गडप व्हायचा आणि पलीकडच्या काठावर, काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा वर यायचा. मधे ओढा. ओढ्यात गुडघाभर पाणी, त्यात म्हशी बसलेल्या. म्हशींच्या पोटाखालून अख्खा कालवा चालला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मी डहाळी मोडली, कालवा जिथे आत शिरतो तिथल्या कठड्यावर पोट टेकून ती पाण्यात टाकली आणि ती कशी ओढली जाते ते बघायला आणखी वाकले. पाठीत धपाटा बसला तो इतका जोरात की रडायचंही सुचलं नाही. तात्यांनी मला उचलून चिंचेखाली नेऊन बसवलं. त्यांचे हात थरथरत होते. म्हणाले, "आत गेलेलं भाईर येतंयच असं न्हाई, पोरी."

मी मात्र मनात हिशेब केला होता की डहाळी पलीकडे निघेल आणि मी धावत जाऊन ती पकडीन. थोड्या वेळानं चुलतभाऊ पलीकडे बघून आला. नव्हती.

तात्यांनी त्या दिवशी आम्हाला आणखी एक जागा दाखवली. तिथे उलटं होतं. ओढा खाली, दगडी कमानींतून वाहणारा, आणि कमानींच्या डोक्यावरून कालवा. खाली उभं राहून मान वर केली की कमानीच्या बुडातून थेंब थेंब पाणी ठिबकायचं. तिथला मैलकुली कन्नड बोलणारा होता. तो अभिमानानं म्हणाला, "हळ्ळद म्याले कालिवि." ओढ्यावर कालवा. कन्नडात त्याला मेल्गालुवे म्हणतात, आपल्याकडे जलसेतू. तात्या दोन्ही शब्द वापरायचे नाहीत. ते नुसतं 'वरचा' आणि 'खालचा' म्हणायचे, आणि सायफनला, म्हणजे पाणी खाली बुडवून पलीकडे वर काढणाऱ्या त्या नळाला, 'सायपन'.

कालव्याला ओढे इतके आडवे का येतात, हे मला खूप उशिरा कळलं. खरं तर ओढे आडवे येतच नाहीत. ते आपल्या जुन्या वाटेनं डोंगराकडून नदीकडे सरळ उतरत असतात. आडवा जातो तो कालवा. धरणातून किंवा बंधाऱ्यातून निघालेलं पाणी जितकं उंचावर राखाल तितकी त्याच्याखालची जास्त जमीन भिजते, म्हणून कालवा उताराला पाठ न देता डोंगराच्या कडेकडेनं, समपातळीला धरून नेतात. 'मैलाला फूटभर' हा तात्यांचा शब्द होता. एवढ्याशा उतारावर पाणी चालतं ठेवायचं. असा कालवा नदीच्या एका अंगाला लांबच लांब जातो आणि त्या अंगाचा एकूण एक ओढा, नाला, ओहोळ त्याला काटकोनात भेटतो. धुपदाळचा बंधारा १८९७चा. पुढे हिडकलचं धरण १९७७ साली पूर्ण झालं आणि हा डावा कालवा वाढत वाढत १०९ किलोमीटरपर्यंत गेला. एवढ्या अंतरात वाटेत किती ओढे लागले असतील याचा अंदाज करा, आणि त्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ठरवलं असणार की वरून कोण जाणार आणि खालून कोण.

कालवा दोन खोऱ्यांच्या मधल्या उंच धारेवरून, कण्यावरून नेता आला तर एकही ओढा ओलांडावा लागत नाही, कारण ओढे तिथूनच दोन्हीकडे सुरू होतात. पण आपल्या भागात डोंगर सोडून कण्यापर्यंत पोचायलाच कालव्याला कित्येक मैल लागतात. तोवर ओढ्यांशी गाठ आहे.

पाणंदीत समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकाला बैल बाजूला काढावे लागतात. इथेही तसंच, फक्त निर्णय पातळी बघून होतो. ओढ्याचा पूर कालव्याच्या तळाच्या बराच खाली राहत असेल तर कालवा वरून, ओढा खालून. हा सगळ्यात सोपा जलसेतू. ओढाच कालव्याहून उंचावरून येत असेल तर त्याला एका हौदासारख्या पन्हळीतून कालव्याच्या डोक्यावरून पलीकडे सोडायचं. दोघं अगदी एका पातळीवर आले तर त्यांना एकमेकांत मिसळू द्यायचं आणि दारं लावून हवं तेवढं पाणी हव्या त्या बाजूला काढायचं. हे शेवटचं तात्यांना अजिबात पसंत नव्हतं. "दारं उघडायला रातच्याला माणूस लागतो," ते म्हणायचे, "आणि पूर रातच्यालाच येतो."

राहिली अडचणीची गोष्ट. पातळीत फार फरक नाही, कुणाला तरी वाकून जावं लागणार. मग एकाला नळातून खाली बुडवून पलीकडे वर काढायचं. पाणी आपली पातळी शोधतं, म्हणून ते पलीकडे चढतं. थोडीशी उंची मात्र घर्षणात जाते, तेवढी आधीच हातात ठेवावी लागते. तात्यांनी हे मला घरामागच्या हौदावर रबरी नळी घेऊन दाखवलं होतं. नळीचा मधला भाग जमिनीला टेकवला, एक टोक हौदात, दुसरं त्याहून बोटभर खाली. पाणी आलं. मी विचारलं, "मग त्या दिवशी माझी डहाळी का नाही आली?" ते म्हणाले, "नळीत काडी घाल." घातली. पाणी आलं, काडी नाही आली.

सायपनची एक गंमत तात्या शेवटपर्यंत सांगायचे, आणि ऐकणारा दरवेळी चुकायचा. ते विचारायचे, ओढ्याला खालच्या नळांतून काढलंय आणि डोक्यावरून कालवा नेलाय, तर त्या बांधकामाला सगळ्यात मोठा धोका कधी? सगळे म्हणायचे, कालवा काठोकाठ भरलेला असतो तेव्हा, त्याच्या वजनानं. तात्या खूश व्हायचे. धोका कालवा कोरडा असताना असतो. पावसाळ्यात पुष्कळदा कालवा बंद असतो, आणि पूर पावसाळ्यातच येतो. नळ तुडुंब भरले की आतलं पाणी छताला खालून वर ढकलतं. कालव्यात पाणी असतं तर त्याचं वजन छताला दाबून धरतं. ते नाही, म्हणून छताला स्वतःच्या वजनावर टिकावं लागतं. हे न समजता कुणी छत हलकं केलं तर ते पुरात तडकतं. "वरचं वझं काढलं की खालचा उठतोय," असं ते म्हणायचे, आणि मग आमच्या घरातल्या थोरल्या-धाकट्यांकडे बघून हसायचे.

हे सगळं मी इतकं का लिहितेय? कारण गेली सहा-सात वर्षं माझं डोकं रस्त्याखालच्या एका मोरीत अडकलंय.

आमची जमीन बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूर रस्त्याच्या शिवारात. बासमतीचा पट्टा. जुनी माणसं सांगतात, या शिवारात भात पोटरीला आलं की वाऱ्यानं वास गावापर्यंत यायचा. वास आता तेवढा येत नाही, पण भात होतं. जवळून बळ्ळारी नाला जातो. नाला म्हणजे शहराचं सांडपाणी, गाळ, जलपर्णी, आणि पावसाळ्यात या सगळ्यासकट आमच्या शेतात पाहुणा. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, धामणे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो दुबार पेरणीचा हिशेब बोटावर सांगेल. धूळवाफ पेरणी करायची, रोपं चार बोटं वर आली की नाला फुगतो आणि आठवडाभर पाणी हटत नाही. भाताला पाणी चालतं, बुडणं चालत नाही.

पण माझी तक्रार नाल्याबद्दल नाही. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक रस्ता उचलला गेला. कुणी उचलला, कुणाच्या कागदावर, ते इथे सांगत नाही. असे रस्ते सगळीकडे उचलले जातात. पूर्वी तो शिवारातल्या जमिनीच्या बरोबरीचा होता. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून पसरून जायचं, दोन दिवस गाड्या बंद, मग सगळं पूर्ववत. आता तो कमरेइतका उंच, गुळगुळीत आणि वर्षभर सुरू. पाण्यासाठी त्याच्या पोटात एका ठिकाणी तीन सिमेंटचे पाईप घातले, एकेकाचं तोंड दोन हात रुंद. दोन टोकांना पांढरा रंग दिलेल्या दगडी भिंती. मोरी झाली.

पहिल्याच पावसाळ्यात, २०१९ सालच्या त्या ऑगस्टमध्ये, रस्त्याच्या वरच्या बाजूला तळं झालं. ते साल बेळगावात कुणीच विसरलेलं नाही, तेव्हा नेहमीचं माप म्हणून ते धरू नये हे मला मान्य. पण मग पुढच्या साध्या वर्षीही तळं झालं. वरच्या शेतवाल्यांचं भात बुडालं, आणि ते पाणी एकदम तीन पाईपांतून जोरानं सुटून आमच्या बांधाला भोक पाडून गेलं. म्हणजे वरच्याचं बुडून गेलं, आमचं वाहून गेलं. दोन पिढ्यांचे शेजारी आम्ही. त्या वर्षी एकमेकांच्या दारात चहाला जायचं बंद झालं. त्यांना वाटत होतं आम्ही पाईपांची तोंडं बुजवलीत. आम्हाला वाटत होतं त्यांनी वर चर खणून पाणी आमच्याकडे वळवलं.

तात्या तेव्हा पंच्याहत्तरीचे, निवृत्त होऊन युगं लोटलेली. मी त्यांना गाडीत घालून मोरीवर नेलं. ते काठी टेकून उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाले, "वही आन." त्यांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, तेलकट, तिच्यात त्यांच्या काळची सगळी सूत्रं. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांच्या वह्यांत पुराचा अंदाज काढायचं इंग्लिसचं सूत्र सापडतं. इंग्लिस हे पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात काम केलेले इंजिनिअर. मद्रासकडे रीव्हजचं, उत्तरेकडे डिकन्सचं, आणि घाटाच्या या अंगाला इंग्लिसचं. पाणलोट किती चौरस किलोमीटर ते घ्यायचं, त्याला १२४ नं गुणायचं, आणि त्याच पाणलोटात १०.४ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या वर्गमुळानं भागायचं. येतो तो पुराचा आकडा, सेकंदाला घनमीटरमध्ये.

आमच्या मोरीवर येणारं पाणलोट तात्यांनी नजरेनं एक चौरस किलोमीटर धरलं. १२४ भागिले ११.४ चं वर्गमूळ. साधारण ३७. "हे डोंगराळ मुलखाचं हाय," ते म्हणाले, "आपलं सपाट हाय, निम्मं धर." अठरा. मग पाईपांकडे वळले. तीन पाईप, ९०० मिलिमीटरचे, मोकळे असतील आणि पाणी दोन मीटरच्या वेगानं जाईल तर सेकंदाला पावणेचार घनमीटर. त्यांनी पेन्सिल वहीत ठेवली. अठरा यायचे, चार जायचे. भांडण कशाला करताय दोघं, असं काही ते बोलले नाहीत. वरच्या शेतात चार माणसं कामाला होती, त्यांना हाक मारली आणि तो आकडा त्यांनाही दाखवला.

त्यानंतर आम्ही दोन्ही घरं मिळून कचेरीत गेलो. अर्ज कन्नडमध्ये लागतो. तो वरच्या शेतवाल्यांच्या मुलानं लिहिला, त्याचं शिक्षण कन्नडमध्ये झालंय. आमच्याकडे भाषेवरून काय काय झालं आणि होतं, त्यावर मी इथे लिहायला बसले तर पाणी बाजूला राहील. त्या दिवशी मात्र टेबलापलीकडच्या माणसानं अर्ज नीट वाचला, नकाशा काढला आणि शांतपणे सांगितलं की मोरी मंजूर नकाशाप्रमाणेच आहे. तात्यांनी चष्मा काढून नकाशावर बोट फिरवलं. "ह्यात वगळ कुठं हाय?" त्यांनी विचारलं. नकाशात ओहोळ नव्हता. कारण आमच्या शिवारात ओहोळ असा नाहीच. पाणी बांधांच्या तोंडांतून एका शेतातून दुसऱ्यात, पसरत, चादरीसारखं सरकतं. ते रेघेनं दाखवता येत नाही, आणि ज्याची रेघ नाही त्याला मोरी नाही.

तात्यांच्या वहीत एका पानावर 'नद्रई' असा एकच शब्द आहे, खाली दोन रेघा ओढलेल्या. खालच्या गंगा कालव्यावर, उत्तर प्रदेशात, काली नदीवरचा जलसेतू. पहिला बांधला तेव्हा नदीला जितकी वाट ठेवली ती पुरेशी वाटली. जुलै १८८५ च्या पुरानं तो उचलून नेला. मग तिथेच दुसरा बांधला, पंधरा गाळ्यांचा, एकेक गाळा साठ फुटांचा. तो १८८९ साली सुरू झाला आणि आजही उभा आहे. वरच्या गंगा कालव्यावर रुरकीजवळ सोलानीवरचा जलसेतू त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधीचा, १८५४चा, पंधराच कमानी पण पन्नास फुटांच्या. त्याच कालव्यावर राणीपूर आणि पथरी या डोंगरी ओढ्यांना कालव्याच्या डोक्यावरून नेलंय, आणि धनौरीला रतमऊ ओढा कालव्यात एका पातळीवर मिसळून दारांनी वेगळा केलाय. एका कालव्यावर सगळे प्रकार. तात्यांना नोकरीत असताना एकदा तिकडे जायची संधी आली होती, घरच्या लग्नामुळे ती हुकली. ते दुःख ते दरवर्षी एकदा तरी काढतात. लग्न माझ्या आईचं होतं.

आईचं माहेर निपाणीच्या पुढं, वेदगंगेच्या काठावर. तिकडे पाणी ओलांडण्याची रीतच वेगळी. तिकडचे बंधारे कोल्हापुरी पद्धतीचे. नदीत दगडी खांबांची ओळ, खांबांना खाचे, खाच्यांत बरगे. पावसाळा सरला की बरग्यांच्या दोन ओळी बसवायच्या, मधे माती ठासायची, की नदी अडली. जूनच्या आधी बरगे काढायचे, नदी मोकळी. आणि खांबांवर जो स्लॅब, तोच आमचा पूल. त्यावरून ऊस, बैलगाडी, शाळेची पोरं, दुधाची किटली, सगळं पलीकडे जातं. आजोळी गेलं की संध्याकाळी बंधाऱ्यावर जाऊन पाय खाली सोडून बसायचं, एका बाजूला भरलेलं हिरवं पाणी, दुसऱ्या बाजूला खडक उघडा पडलेला. पाय कुठल्या बाजूला सोडायचे यावरून आम्ही मावसभावंडं भांडायचो.

त्या बंधाऱ्यांची नावं मला पाढ्यासारखी पाठ आहेत, कारण जुलै आला की ती एका दमात कानावर पडतात. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी. पाण्याखाली. प्रत्येक नावात दोन गावं आणि मधे ती आडवी रेघ, तीच पाण्याखाली गेलेली. मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रात. एका बंधाऱ्याचे दोन पाय दोन राज्यांत, पण पाण्याखाली दोन्ही एकाच वेळी जातात.

मला हा बंधारा सगळ्या पुलांत प्रामाणिक वाटतो, हे माझं मत, इंजिनिअर हसतील. तो पुराशी झुंजत नाही. पूर आला की डोक्यावरून जाऊ देतो, खाली दम धरून बसतो, आणि पाणी उतरलं की पुन्हा वर येतो. अंगावर चिखल, ऊस अडकलेला, कधी एखादा मेलेला साप. दोन दिवस झाडलं की वाट चालू. चार दिवस मोठ्या रस्त्यानं वळसा पडतो हे खरं. माझ्या मावशीला एकदा समोर दिसणाऱ्या घरी बाराव्याला जायला वळसा घालून अख्खी दुपार लागली होती. तिची नणंद पलीकडून हात हलवून खुणावत होती की राहू दे. मावशी गेलीच.

त्याच वेदगंगेवर यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग जातो. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ च्या जुलैला तिथे पाणी रस्त्यावर आलं आणि देशातला एक मोठा महामार्ग आमच्या बरग्यांच्या बंधाऱ्यासारखाच बंद झाला. मामानं फोनवर सांगितलं, "आता समदे सारखे."

खानापूरच्या बाजूला गेलं की बंधाराही संपतो आणि साकव सुरू होतो. भीमगडच्या अभयारण्यात गवाळी, कोंगळा, पास्टोली अशी गावं आहेत, जिथे पावसाळ्याच्या तोंडावर लोक स्वतःच लाकडं तोडून, बांबू आणि वेल बांधून भांडुरा नाल्यावर वाट करतात. पावसाळा संपला की ती वाट संपते. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच वाटेवरून आजारी माणसाला डोलीत घालून आणतात. शाळेच्या कामानं मी एकदा त्या बाजूला गेले होते. साकवावर पाय ठेवला तर तो डुलला, मी थबकले. मागून डोक्यावर तांदळाचं पोतं घेतलेली एक बाई आली. म्हणाली, "खाली बघू नकोस गो, म्होरं बघ." आणि माझ्या आधी पार झाली.

'साकव' हा शब्द मी कोशात शोधला. तो संस्कृत 'संक्रम' वरून आला. आणि कन्नडात, मलनाडात, अशाच लाकडी पुलाला 'संक' म्हणतात. तोही त्याच शब्दाचा. खानापूरच्या जंगलात हे दोन्ही शब्द ऐकू येतात, एकाच ओंडक्याला. मी ही गोष्ट तात्यांना मोठ्या उत्साहानं सांगितली. ते म्हणाले, "ओंडका कशाचा हुता?" मला माहीत नव्हतं. त्यांना शब्दापेक्षा लाकडात जास्त रस होता. जांभूळ असेल तर पाण्यात टिकतं, म्हणाले.

जांबोटीजवळ हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रात मारुती आहे. पावसाळ्यात तो बुडतो. तिथे कुणी पूल मागत नाही, भक्त काठावरून नमस्कार करतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. ही सबुरी माणसाला रस्त्याच्या बाबतीत का जमत नाही, हे मला अजून सुटलेलं नाही. कदाचित मारुतीला ऑफिसला वेळेवर पोचायचं नसतं म्हणून.

कणकुंबीला त्याच मलप्रभेचा उगम. तिथून जवळच म्हादईकडे जाणाऱ्या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचा कालवा, त्यावरचा कर्नाटक आणि गोव्याचा वाद, लवाद, निकाल, पुन्हा वाद, हे सगळ्यांना माहीत आहे. मी तो खणलेला कालवा काठावरून बघितलाय. कोण बरोबर कोण चूक यात न पडता मला एवढंच दिसलं की त्यालाही वाटेत ओहोळ आडवे येत होते, लहान लहान, आणि पावसात त्यांनी कडेची माती आत ढकलायला सुरुवात केली होती.

आमच्या मोरीचं काय झालं ते सांगते. चौथा पाईप मंजूर झाला आहे असं ऐकतो. गेली तीन वर्षं ऐकतो. दरम्यान आम्ही दोन घरांनी मिळून मे महिन्यात तिन्ही पाईप साफ करायचं ठरवलं. वरच्या अंगानं ते, खालच्या अंगानं आम्ही. पहिल्या वर्षी आतून काय निघालं याची यादी मी घरी लिहून ठेवली होती: दोन गोणी, एक बाजेचं सुतळीचं विणकाम, नारळाच्या झावळ्या, गणपतीच्या आराशीतलं थर्माकोलचं कारंजं, आणि एक चप्पल. चप्पल दोन्ही घरांनी नाकारली.

यंदा तात्या आले होते. आता ते ब्याऐंशीचे आहेत, उभे राहत नाहीत फार वेळ. त्यांना खुर्ची टाकून मोरीच्या भिंतीजवळ बसवलं. साफसफाई झाल्यावर शेजारच्या मुलानं विहिरीची मोटर चालू करून वरच्या बाजूला पाणी सोडलं, पाईप वाहतात का बघायला. तात्यांनी मला जवळ बोलावलं. "डहाळी मोड," म्हणाले.

मी बांधावरच्या करंजाच्या तीन डहाळ्या मोडून दिल्या. त्यांनी त्या शेजाऱ्याच्या मुलाकडे दिल्या आणि सांगितलं, एकेका पाईपात एक टाक. मग मला खाली पाठवलं. मी चिखलात उतरून तोंडाशी उभी राहिले. चाळीस वर्षांनी मी एका डहाळीची वाट बघत होते.

पहिली आली. दुसरी आली, थोडी उशिरा, पानं गळून.

वरून तात्या ओरडले, "आली काय?"

"दोनच," मी ओरडले.

थोडा वेळ शांतता. मग त्यांचा आवाज आला, शेजाऱ्याच्या मुलाला सांगत असलेला, की कुदळ आण, तिसरा मधेच कुठंतरी बसलाय, बहुतेक सांध्यातच, आणि जून लागायला आता आठ दिवस उरलेत.